मुखपृष्ठाचे वचन आणि चाहत्याचा निकष

१

आपल्या समीक्षेच्या परिभाषेत वाचकासाठी अनेक संज्ञा आहेत. सहृदय, रसिक, आस्वादक, मर्मज्ञ, जाणकार आणि अलीकडच्या वाचककेंद्री सिद्धान्तांनी आणलेला अंतर्निहित वाचक. या मालिकेत एका संज्ञेला अद्याप जागा मिळालेली नाही. ती म्हणजे 'चाहता'. चाहता हा शब्द चित्रपटाच्या, क्रिकेटच्या आणि संगीताच्या मैदानात रूढ झाला. साहित्याच्या दालनात तो आला की त्याच्याकडे काहीसे अनुकंपेने पाहिले जाते. चाहत्याला आवडते, पण का आवडते हे त्याला सांगता येत नाही, असा एक अलिखित समज त्यामागे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज तपासून पाहणे हा आहे. त्यासाठी निवडलेले क्षेत्र मुद्दाम समीक्षेच्या परिघाबाहेरचे आहे: महानायकांची चित्रकथा, ज्याला आपण सर्रास 'कॉमिक्स' म्हणतो ती, आणि विशेषतः तिचे मुखपृष्ठ.

अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली तिच्यात काव्याच्या सततच्या परिशीलनाने स्वच्छ झालेल्या मनाची अट आहे. ही अट नीट पाहिली तर ती साहित्यप्रकाराविषयी नसून अभ्यासाविषयी आहे. चाळीस वर्षे एकाच प्रकारची चित्रकथा वाचणारा, तिचे अंक जपणारा, एका चित्रकाराची रेषा दुसऱ्याच्या रेषेपासून क्षणात वेगळी ओळखणारा वाचक परिशीलनाची अट पूर्ण करतो की नाही? करत असेल, तर त्याच्या मतांना केवळ 'आवड' म्हणून बाजूला सारणे सैद्धान्तिक दृष्ट्या अवघड होते. आणि करत नसेल, तर का करत नाही, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

२

पनवेल परिसरातील अशा एका जाणत्या चाहत्याशी प्रस्तुत लेखकाचा गेली काही वर्षे या विषयावर संवाद होत आला आहे. इंद्रजाल कॉमिक्सपासून आजच्या अमेरिकी महानायक-मालिकांपर्यंत त्यांचे वाचन अखंड आहे. साहित्यशास्त्राशी त्यांचा औपचारिक संबंध नाही. त्यांची मते विखुरलेली, बोलण्याच्या ओघात आलेली आहेत. परंतु एकत्र ठेवली असता त्यांतून चार स्पष्ट विधाने हाती लागतात.

पहिले: मुखपृष्ठाने कथेशी खोटे बोलू नये, जो प्रसंग बाहेर दाखवला तो आत असलाच पाहिजे. दुसरे: आजची मुखपृष्ठे कौशल्याने पूर्वीच्यांपेक्षा सरस आहेत, परंतु, त्यांच्याच शब्दांत, "हल्ली कव्हरवर हिरो नुसता उभा असतो, काही करत नसतो." तिसरे: मुखपृष्ठ एकाच्या हातचे आणि आतील चित्रे दुसऱ्याच्या हातची असली तरी चालते, पण दोघांचा नायक एकच वाटला पाहिजे. चौथे: एका अंकाला पाच-सहा मुखपृष्ठे काढणे म्हणजे एकही मुखपृष्ठ नसणे होय.

ही चार विधाने आवडीनिवडीची नाहीत. प्रत्येकामागे एक निकष आहे, आणि तो निकष बोलणाऱ्याने स्वतः घडवलेला आहे. त्यांपैकी दुसरे विधान सर्वांत फलदायी असल्यामुळे विवेचनाची सुरुवात त्यापासून करणे सोयीचे ठरेल.

३

नायक 'उभा असणे' आणि नायक 'काही करत असणे' यांतील भेद हा चित्र आणि कथन यांच्या संबंधाचा मूलभूत प्रश्न आहे. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात चित्र आणि काव्य यांच्या मर्यादा आखताना असे प्रतिपादन केले की चित्राला कृतीतील एकच क्षण मिळतो. म्हणून चित्रकाराने असा क्षण निवडावा की ज्याच्या पोटात आधीचे आणि नंतरचे दोन्ही क्षण सामावलेले असतील. कळसाचा क्षण दाखवला तर कल्पनेला पुढे जायला वाट उरत नाही. जुन्या कॉमिक्सचे मुखपृष्ठ नकळत हाच नियम पाळत असे. हात सुटण्याच्या बेतात आहे, पूल कोसळत आहे, मागून कोणीतरी येत आहे आणि नायकाला ते ठाऊक नाही. अंकाच्या बाहेर गोठलेला हा क्षण वाचकाला आत ओढतो, कारण त्याची पूर्तता आत आहे.

आपल्या नाट्यशास्त्राच्या भाषेत हे अधिक नेमकेपणाने मांडता येते. कथावस्तूच्या पाच संधींपैकी गर्भसंधीत फलप्राप्तीची आशा आणि ती हातची जाण्याची भीती आळीपाळीने प्रकट होतात. प्रसंगप्रधान मुखपृष्ठ हे गर्भसंधीचे चित्र असते. ते मुखसंधीतील बीज दाखवत नाही, कारण बीज पाहून उत्कंठा वाढत नाही. आणि निर्वहण दाखवत नाही, कारण मग अंक विकत घेण्याचे कारण उरत नाही. याउलट आजचे 'उभ्या' नायकाचे मुखपृष्ठ कोणत्याच संधीत बसत नाही. ते कथावस्तूच्या बाहेर उभे असते. ते प्रतिमा असते, मूर्ती असते.

रसाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. वीररसाचा स्थायीभाव उत्साह. उत्साहाला आलंबन हवे, म्हणजे ज्याच्या विरुद्ध किंवा ज्याच्यासाठी पराक्रम करायचा तो कोणीतरी हवा. एकट्याने उभ्या असलेल्या, स्नायू ताणलेल्या, उजेडात न्हालेल्या देहाला पाहून उत्साह जागृत होत नाही. विस्मय जागृत होतो. म्हणजे आजचे मुखपृष्ठ वीराचे चित्र काढून अद्भुताचा अनुभव देते. चाहत्याच्या साध्या तक्रारीत हा रसान्तराचा मुद्दा दडलेला आहे. त्याला शास्त्राची संज्ञा ठाऊक नाही, पण रस बदलला हे त्याला ठाऊक आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मुखपृष्ठ ही जाहिरात आहे, संहिता नव्हे. मग तिला संधी आणि रस लावणे अतिरेकाचे नाही काय? जेरार झनेत यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, मुखपृष्ठ या सर्वांना संहितेच्या उंबरठ्यावरची संहिता मानले, हे आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु कॉमिक्सच्या बाबतीत झनेतपेक्षाही पुढे जावे लागते. अमेरिकेत डीसी प्रकाशनाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा आधी मुखपृष्ठाची कल्पना ठरवत आणि मग त्या चित्राचे स्पष्टीकरण ठरेल अशी कथा लेखकाकडून लिहवून घेत. अशा वेळी मुखपृष्ठ हा उंबरठा राहत नाही, पाया होतो. कथा हीच मुखपृष्ठावरचे भाष्य ठरते. 'मुखपृष्ठाने खोटे बोलू नये' हे चाहत्याचे पहिले विधान या व्यवस्थेचा अलिखित करार आहे: चित्राने कितीही अशक्य वचन द्यावे, कथेने ते पाळले पाहिजे.

४

हे सर्व परक्या भूमीवरचे झाले. मराठी वाचकाच्या अनुभवात महानायक कसा आला, हा प्रश्न वेगळा आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला 'फँटम' त्यातून इंग्रजीबरोबरच भारतीय भाषांत आला आणि मराठीत 'वेताळ' झाला. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली तोवर तिचे आठशेहून अधिक अंक निघाले होते. या भाषांतराकडे आपण कधी भाषांतर म्हणून पाहिलेले नाही. वस्तुतः 'वेताळ' हा अनुवादातील एक विलक्षण निर्णय आहे. मूळ नायक हा माणूसच. अमर नसलेला, अंगी कोणतीही दैवी शक्ती नसलेला. १५३६ साली सुरू झालेल्या वंशपरंपरेतील तो एकविसावा पुरुष. बाप गेला की मुलगा तोच वेश अंगावर चढवतो आणि जंगलातील लोक समजतात की हा मरतच नाही. म्हणून ते त्याला 'चालते भूत' म्हणतात.

मराठी मुलखात, विशेषतः कोकण आणि गोव्यात, वेताळ हा केवळ भुतांचा राजा नाही. तो ग्रामरक्षक आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक प्रचंड आकाराच्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावाभोवती फेरी घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात लोलये, आमोणे येथे वेताळाची स्थाने आहेत. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. म्हणजे 'चालणारे भूत' आणि 'चालणारा रक्षक' या दोन्ही कल्पना ज्या एका शब्दात आपल्याकडे आधीच एकत्र होत्या, तो शब्द अनुवादकाने उचलला. इंग्रजी नावात भूत आहे, पण देव नाही. मराठी नावात दोन्ही आहेत. एरवी मूळ अर्थ अनुवादात गळतो असे आपण म्हणतो. येथे अनुवादाने अर्थाची भर घातली.

आता मुखपृष्ठाकडे येऊ. अंकाच्या आत अमेरिकेतून आलेली रेषा असे. साय बॅरी यांनी १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ हा नायक काढला, आणि त्यामुळे भारतीय चाहत्याच्या दृष्टीने 'खरा वेताळ' तो बॅरींचा. परंतु अंकाच्या बाहेर मात्र येथला हात होता. सुरुवातीच्या सुमारे पन्नास अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली. आत शाईची रेषा, बाहेर रंगाचा थर. आत वृत्तपत्रीय चौकटींची घाई, बाहेर एका चित्राचा ठेहराव. दोघांचा नायक एकच वाटला पाहिजे, हे चाहत्याचे तिसरे विधान या विशिष्ट परिस्थितीतून आलेले आहे. त्याला दोन देशांतल्या दोन हातांमधली शिवण दिसत होती आणि ती उसवू नये असे वाटत होते.

वेशाचा रंगही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. फॉक यांच्या मनात हा वेश करडा होता असे त्यांनी सांगितले आहे. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. स्कँडिनेव्हियात तो निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये तांबडा झाला. ज्याला आपण नायकाची ओळख म्हणतो ती अशी छापखान्यात ठरते. लेखकाचा हेतू हा अर्थाचा अंतिम आधार नव्हे, हे तत्त्व समजावून देण्यासाठी पदव्युत्तर वर्गात याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

५

येथल्या हाताचा हा वारसा इंद्रजालपासून सुरू होत नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांच्या हजारावर रहस्यकथांतील झुंजार आणि काळा पहाड हे मराठीतील महानायकच होत. कायद्याच्या बाहेर राहून न्याय करणारा, दुहेरी ओळख बाळगणारा, संकटात हमखास अवतरणारा हा नायक अमेरिकी महानायकाचा समकालीन आहे. या कथांना चित्रांची चौकट नव्हती, पण मुखपृष्ठ होते, आणि त्या मुखपृष्ठांशी रघुवीर मुळगावकरांचे नाव कायमचे जोडले गेले. झुंजार कसा दिसतो हे वाचकाला अर्नाळकरांच्या वर्णनापेक्षा मुळगावकरांच्या रंगांतून कळले. आतील पाने कृष्णधवल अक्षरांची. नायकाला देह मिळाला तो फक्त बाहेर.

याच मुळगावकरांनी दिनदर्शिकांसाठी देवदेवतांची चित्रे रंगवली आणि ती घराघरांत भिंतीवर लागली. एकाच कुंचल्याने देव आणि झुंजार रंगवले गेले. देवाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश रहस्यकथेच्या नायकाच्या चेहऱ्यावर उतरला, हे केवळ चित्रकाराच्या शैलीचे सातत्य नव्हे. तो आपल्या वीरकल्पनेचा इतिहास आहे. पुढच्या पिढीत हेच पुण्याच्या प्रताप मुळीकांच्या बाबतीत घडले. 'अमर चित्र कथा' या १९६७ पासूनच्या मालिकेत पुराणपुरुष आणि ऐतिहासिक वीर रेखाटणाऱ्या मुळीकांनीच १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 'नागराज' कागदावर उतरवला. हिंदी पट्ट्यात घराघरांत पोचलेल्या महानायकाच्या देहाची घडण अशी मराठी चित्रकाराच्या हातची आहे, आणि तिच्यामागे पौराणिक चित्रांचा सराव आहे.

असे असूनही दीनानाथ दलाल, मुळगावकर यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले ते बहुतेक चित्रकलेच्या अंगाने किंवा स्मरणरंजनाच्या सुरात. मुखपृष्ठाने मराठी वाचकाची अपेक्षा कशी घडवली, हा साहित्यविचाराचा प्रश्न म्हणून मांडला गेला नाही. याउस यांचे 'अपेक्षाक्षितिज' आपण वर्गात शिकवतो. पण ते क्षितिज पुस्तकाच्या दुकानात, एस. टी. स्थानकावरच्या टपरीवर, पुस्तक उघडण्यापूर्वीच आखले जाते, याची दखल घेत नाही.

६

चाहत्याच्या निकषांचे हे समर्थन येथे थांबवता येणार नाही. त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा वयाची आहे. ज्या अंकांनी बालपणी वाचनाचा पहिला थरार दिला ते श्रेष्ठ, असा एक अदृश्य निकष इतर सर्व निकषांच्या तळाशी वावरत असतो. बॅरींचा वेताळ 'खरा' ठरतो तो केवळ रेषेच्या गुणावर नव्हे. त्याच काळात आपण दहा वर्षांचे होतो म्हणूनही. रे मूर यांनी १९३६ मध्ये काढलेला पहिला नायक या चाहत्याला परका वाटतो, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चाहता संहितेच्या आत राहून बोलतो. त्यामुळे आफ्रिकेच्या जंगलात एका गोऱ्या पुरुषाने पिढ्यान्‌पिढ्या शांतता राखावी आणि तेथल्या लोकांनी त्याच्या अमरत्वावर विश्वास ठेवावा, या रचनेतील वसाहतवाद त्याला जाणवत नाही. मूळ मालिकेतील देशाचे बंगालची आठवण करून देणारे नाव भारतीय आवृत्तीत 'डेंकाली' करण्यात आले. नाव बदलून प्रश्न एका अंतरावर ठेवला गेला, सोडवला गेला नाही. आणि आपण वर प्रशंसिलेले 'वेताळ' हे नावही या दोषातून मुक्त नाही: ग्रामदेवतेचे नाव मिळाल्यामुळे गोरा रक्षक आपल्या वाचकाला अधिकच नैसर्गिक वाटू लागला. अनुवादाचे यश आणि विचारसरणीचे यश येथे एकाच शब्दात आहे. हे सांगणे समीक्षेचे काम आहे. चाहत्याकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

याच ठिकाणी उम्बेर्तो एको यांचा १९६२ मधील सुपरमॅनवरील निबंध आठवतो. सुपरमॅनच्या कथेत काळ खर्च होत नाही. प्रत्येक कथा जणू नव्याने सुरू होते आणि त्यामुळे नायक कधीच काही गमावत नाही, असे एकोंचे निरीक्षण. वेताळाला हा सिद्धान्त पूर्णपणे लागू होत नाही. त्याने १९७७ मध्ये विवाह केला, पुढे त्याला जुळी मुले झाली, आणि त्याच्या मागे वीस थडगी आहेत. त्याचे अमरत्व देहाचे नाही, वेशाचे आहे. आपला चाहता या फरकाला फार किंमत देतो: "हा मरू शकतो, म्हणून त्याच्या कव्हरवरची भीती खरी असते." एकोंच्या सिद्धान्ताला अपवाद दाखवणारे हे विधान एका पदव्युत्तर प्रबंधिकेचे बीज होऊ शकेल.

७

राहिले चौथे विधान, अनेक मुखपृष्ठांचे. १९९१ मध्ये मार्व्हल प्रकाशनाने 'एक्स-मेन' या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह काढला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. त्यांतील अनेक प्रती वाचण्यासाठी नव्हे, भाव वाढेल या आशेने साठवण्यासाठी घेतल्या गेल्या. भाव वाढला नाही. संग्राहकांच्या या लाटेवर उभा राहिलेला बाजार काही वर्षांतच कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. कंपनी पुढे सावरली. पर्यायी मुखपृष्ठांची प्रथा मात्र टिकली आणि आज अमेरिकी महानायक-अंकांत ती नित्याची झाली आहे.

'उभा' नायक आणि अनेक मुखपृष्ठे यांचा संबंध येथे उघड होतो. कथेतील गर्भक्षण एकच असतो. त्याची पाच चित्रे काढता येत नाहीत, काढली तर चार पुनरुक्त ठरतात. पण उभ्या नायकाची पाचच काय, पन्नास चित्रे काढता येतात. मुखपृष्ठ कथेपासून सुटले की त्याची संख्या हवी तेवढी वाढवता येते. म्हणजे आधी कलेत झालेला बदल आणि मागाहून बाजारात झालेला बदल, असे हे दोन स्वतंत्र बदल नाहीत. ज्या चित्राला कथेला दिलेले वचन पाळायचे नाही तेच चित्र वस्तू म्हणून अमर्याद विकता येते. चाहत्याचे दुसरे आणि चौथे विधान वस्तुतः एकच आहे, आणि पहिले विधान त्या दोहोंचे कारण सांगते. विखुरलेली म्हणून ज्यांची सुरुवातीला नोंद केली ती मते अशा रीतीने एका सुसंगत भूमिकेत जुळतात. भूमिकेतील सुसंगती हे समीक्षेचे लक्षण मानायचे असेल, तर येथे समीक्षा घडलेली आहे.

८

या विवेचनातून आपल्या विद्याशाखेपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मराठीतील सार्वजनिक वाचनालयांत पुस्तक टिकावे म्हणून त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करण्याची जुनी रीत आहे. या बांधणीत मूळ मुखपृष्ठ बहुधा काढून टाकले जाते किंवा आत चिकटून विद्रूप होते. कादंबरीच्या बाबतीत आपण ही हानी सोसली, कारण संहिता वाचली. अर्नाळकरांच्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र नायकाचा एकमेव देह त्या कागदावर होता. पुठ्ठ्याने शब्द वाचवले आणि झुंजार गमावला. इंद्रजालचे मराठी अंक तर बांधणीलाही पात्र ठरले नाहीत. ते बहुतेक रद्दीत गेले.

त्यांतले जे आज उपलब्ध आहे ते ग्रंथालयांपेक्षा चाहत्यांच्या कपाटांत अधिक आहे. त्यांनी मुखपृष्ठे फाडली नाहीत, कारण मुखपृष्ठ हा कथेचा भाग आहे हे त्यांना आपल्या आधी कळले होते. विद्यापीठांतील मराठी विभागांनी या संग्रहांची वर्णनात्मक सूची करणे, चित्रकारांची नावे अंकवार निश्चित करणे आणि संग्राहकांच्या मौखिक नोंदी घेणे ही कामे आताच हाती घेतली पाहिजेत. पहिल्या अंकांच्या वाचकांचे वय आता सत्तरीच्या आसपास आहे. ही सूची चाहत्यांच्या मदतीवाचून होणार नाही, कारण सही नसलेल्या चित्राचा हात ओळखणारी दृष्टी सध्या त्यांच्याकडेच आहे. त्या दृष्टीला जे दिसत नाही ते दाखवून देणे हे समीक्षकाचे काम. पण त्या दृष्टीला जे दिसते ते प्रथम मान्य केल्यावाचून समीक्षकाला त्या कामाचा अधिकार मिळत नाही.